साडेसहाचे झाले ३९०

कोपरीतल्या सोसायट्यांचे हिशेब ठेवायचं काम मी करते. ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला उतरलं की अष्टविनायक चौक, मीठबंदर रोड, दौलतनगर या पट्ट्यात तीन-चार मजली जुन्या इमारती आणि त्यांच्यामधून वर आलेले नवे टॉवर एकमेकांना खेटून उभे आहेत. प्रत्येक इमारतीची एक सोसायटी, प्रत्येक सोसायटीचे देखभाल बिल, थकबाकी, सिंकिंग फंड, पार्किंग, आणि सहकार कायद्याप्रमाणे सभासदांची ‘आय’ नमुन्यातली नोंदवही. या सगळ्यासाठी मी पायथन या स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेले छोटे छोटे प्रोग्रॅम वापरते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. हिशेब करणं सोपं आहे, हिशेब जपून ठेवणं अवघड. आणि जपून ठेवण्यातली अवघड जागा अशी आहे, जिच्याबद्दल प्रोग्रॅमरमंडळी आपसात खूप बोलतात, पण ज्यांचे हिशेब असतात त्यांना कुणी काही सांगत नाही.

प्रोग्रॅम चालू असतो तेव्हा सभासद संगणकाच्या मेमरीत राहत असतो. त्याचं नाव एका ठिकाणी, थकबाकी दुसरीकडे, फ्लॅटची माहिती तिसरीकडे, आणि कोण कुठे आहे हे सांगणारे मेमरीतले पत्ते. वीज गेली की हे सगळं पुसलं जातं. पत्ते जसेच्या तसे उतरवून ठेवूनही उपयोग नसतो, कारण उद्या प्रोग्रॅम सुरू होईल तेव्हा मेमरीत त्या जागी भलतंच काही असेल. म्हणून या पसरलेल्या माहितीला एका सरळ ओळीत, अक्षरांमागून अक्षरं अशी मांडावी लागते, आणि तीही अशी, की त्या ओळीवरून पुन्हा तोच सभासद उभा करता यावा. रीडेव्हलपमेंटसाठी घर रिकामं करताना सुतार कपाट खोलतो आणि प्रत्येक फळीवर खडूने खूण करतो, तसंच काहीसं. या मांडणीला ‘सीरियलाइज करणं’ म्हणतात. ओळीवरून पुन्हा वस्तू उभी करणं म्हणजे ‘डीसीरियलाइज करणं’.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आजच कधीतरी हे केलेलं आहे. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड म्हणजे एक मजकुराची ओळच असते. सुरुवातीला ‘यूपीआय’, मग ‘पे’, मग जोड्या: ‘पीए’ म्हणजे पैसे घेणाऱ्याचा पत्ता, ‘पीएन’ म्हणजे त्याचं नाव, हवी असल्यास ‘एएम’ म्हणजे रक्कम, ‘सीयू’ म्हणजे चलन. नावात मोकळी जागा असेल तर तिच्याऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि २० हा आकडा येतो. नाव, रक्कम, चलन या वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एका ओळीत बसवल्या आणि त्या ओळीचं चित्र केलं. कुठलंही अ‍ॅप असो, ती ओळ वाचून सगळं पुन्हा वेगळं करतं. ही ओळ उघडी, साधी आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या नियमांची आहे, म्हणूनच ती एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर चालते. माझं सगळं म्हणणं या एका गुणाभोवती फिरतं.

प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अगदी मूळ जाती थोड्याच असतात: पूर्णांक, अपूर्णांक, मजकूर, हो-नाही, आणि ‘काहीच नाही’. वाटतं की यांना काय लिहून ठेवायचं! पण सर्वाधिक गोंधळ याच साध्या जातींचा होतो. कारण फाइलमध्ये उरतात फक्त अक्षरं. ती अक्षरं संख्या होती की मजकूर, हे वेगळं नोंदवलं नसेल तर वाचणारा प्रोग्रॅम अंदाज करतो.

फोन नंबर घ्या. कल्याण-डोंबिवलीचा एसटीडी कोड ०२५१, आपल्या ठाण्याचा मुंबईसारखाच ०२२. कल्याणचा कोड संख्या म्हणून साठवला की पुढचं शून्य गळतं आणि २५१ उरतं. फोन नंबर, पिन कोड, खाते क्रमांक हे आकड्यांनी लिहिलेले असले तरी संख्या नव्हेत. त्यांची बेरीज कुणी करत नाही, त्यामुळे ते मजकूर म्हणूनच ठेवावेत. एक्सेल संख्येचे पंधराच अंक नेमके धरून ठेवतं. सोळा अंकी खाते क्रमांक त्यात संख्या म्हणून टाकला की शेवटच्या अंकाचं शून्य होतं, आणि पडद्यावर बघणाऱ्याला काही खटकतही नाही.

फ्लॅट नंबरांची तर गंमतच वेगळी. दोन नंबरच्या इमारतीतला बारावा फ्लॅट सगळे ‘२/१२’ असा लिहितात. ही यादी एक्सेलमध्ये उघडली की ती २ डिसेंबर ही तारीख होते. ‘ई’ विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा दुसरा फ्लॅट ‘३ई२’ असा रोमन अक्षरात लिहिला, की एक्सेलला तो ‘तीन गुणिले दहाचा वर्ग’ वाटतो आणि फ्लॅट नंबर ३०० होतो. फाइल सेव्ह केली की मूळ नंबर परत मिळत नाही. हा त्रास फक्त सोसायट्यांचा नाही. जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारखी नावं बदलली, त्याचं कारण हेच. शास्त्रज्ञांच्या तक्त्यांमध्ये जनुकांच्या तारखा होत होत्या.

माझ्या दृष्टीने यातली सगळ्यात शिकवणारी जागा पाण्याच्या वेळापत्रकाची आहे. यामल नावाची एक मांडणी आहे, डोळ्यांना फार सुटसुटीत, म्हणून सेटिंग लिहायला लोक ती वापरतात. त्यात ‘सकाळचं पाणी’ पुढे ६:३० लिहिलं आणि पायथनच्या नेहमीच्या वाचकाने ते वाचलं, तर हातात येतात ३९०. यामलच्या १.१ या आवृत्तीत अपूर्णविरामाने (कोलनने) जोडलेले आकडे साठाच्या पटीत मोजायचा नियम होता. सहा गुणिले साठ अधिक तीस, तीनशे नव्वद. तेच ०६:३० लिहिलं तर मात्र मजकूरच राहतो! याच आवृत्तीत ‘एन-ओ’ ही दोन अक्षरं ‘नाही’ म्हणून वाचली जातात, त्यामुळे नॉर्वे देशाचं लघुनाम लिहिलं की देशाच्या जागी नकार येतो. दोन्हींवर उपाय एकच: मजकुराला अवतरणचिन्हं घालायची. अवतरणचिन्हांची ही जोडी म्हणजेच जातीची नोंद.

हो-नाहीचं दुखणं पैशांपर्यंत पोहोचतं. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावता येतात. ‘भाडेकरू आहे का?’ याचं उत्तर ‘फॉल्स’ असं साध्या मजकुरात साठवलं आणि तसंच परत वाचलं, तर पायथनच्या लेखी ते ‘हो’ असतं, कारण ज्यात एक तरी अक्षर आहे असा कुठलाही मजकूर पायथन ‘हो’ धरतो. म्हणजे स्वतःच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला जादा बिल. आणि ‘शून्य’ व ‘काहीच नाही’ यांतला फरकही जपावा लागतो. पार्किंग शुल्क शून्य म्हणजे जागा आहे, पण माफी दिली. काहीच नाही म्हणजे जागाच नाही. साध्या तक्त्यात दोन्हीकडे रिकामा चौकोन दिसला, की पुढच्या सभेत भांडण ठरलेलं.

आता वस्तूंकडे, म्हणजे ऑब्जेक्टकडे येते. ऑब्जेक्टमध्ये माहिती असते आणि ती माहिती वापरायची रीतही असते. सभासद या ऑब्जेक्टला नाव आणि थकबाकी असतेच, शिवाय ‘व्याज काढ’ म्हटलं की ते कसं काढायचं हेही त्याला ठाऊक असतं. ही रीत ‘क्लास’ नावाच्या साच्यात लिहिलेली असते. प्रश्न असा, की ऑब्जेक्ट फाइलमध्ये ठेवताना साचाही ठेवायचा का?

मीठबंदर रोडच्या बाजूच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन आले, तेव्हा हा प्रश्न माझ्यासमोर खराखुरा येऊन बसला. त्यांच्या इमारतीतल्या एका हुशार मुलाने बऱ्याच वर्षांपूर्वी बिलांचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. मुलगा परदेशी गेला, जुना संगणक भंगारात गेला, प्रोग्रॅम त्यातच होता. उरली होती फक्त माहितीची फाइल.

“ताई, फाइल तर हातात आहे, मग हिशेब गेला कसा म्हणायचा?” काका विचारत होते.

“गेलेला नाही काका, पण उघडायला जरा वेळ लागेल,” मी म्हटलं.

ती फाइल ‘पिकल’ या पायथनच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेली होती. पिकल फार सोयीचं आहे. जवळजवळ कुठलाही ऑब्जेक्ट त्याला द्यावा, एका ओळीच्या आज्ञेत तो फाइलमध्ये जातो. पण पिकल साचा साठवत नाही, साच्याचं फक्त नाव साठवतं. वाचताना ते म्हणतं, ‘मेंबर नावाचा क्लास आणा, त्यात ही माहिती भरतो.’ तो क्लास लिहिलेला प्रोग्रॅमच हरवला असेल तर पिकल तिथेच थांबतं.

त्यातही एक धोका आहे, आणि तो मला प्रत्येक वाचकाला सांगावासा वाटतो. पिकलची फाइल ही निव्वळ माहिती नसते. ती छोट्या छोट्या आज्ञांची मालिका असते आणि वाचणारा प्रोग्रॅम त्या आज्ञा पाळत जातो. त्यात ‘हे फंक्शन चालव’ अशीही आज्ञा लिहिता येते. म्हणजे अनोळखी माणसाची पिकल फाइल उघडणं म्हणजे त्याला आपल्या संगणकावर हवं ते करायची मुभा देणं. पायथनच्या अधिकृत माहितीतच ठळकपणे लिहिलंय, की भरवशाची नसलेली पिकल फाइल उघडू नका. जावा, पीएचपी, रुबी या भाषांच्या तशाच पद्धतींनाही हा धोका आहे. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०१७ च्या आपल्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा दिली होती. आज गाजणाऱ्या एआय मॉडेलच्या फाइलीही कित्येक वर्षं पिकलनेच लिहिल्या जात. म्हणून ‘सेफटेन्सर्स’ ही निव्वळ आकडे साठवणारी मांडणी पुढे आली, आणि पायटॉर्च या एआय मॉडेल बनवायच्या साधनाने जानेवारी २०२५ मधल्या २.६ या आवृत्तीपासून पिकल फाइली वाचताना मुळातच बंधन घातलं.

म्हणून काकांची फाइल मी थेट उघडली नाही. पायथनबरोबर ‘पिकलटूल्स’ नावाचं एक साधन येतं. ते फाइलमधल्या आज्ञा न पाळता फक्त एकेक करून छापून दाखवतं. त्या छापील यादीत मला साच्यांची नावं मिळाली: मेंबर, फ्लॅट, बिल. बाकी तारखा आणि आकडे. संशय घ्यावा असं काही नव्हतं. मग मी त्याच नावांचे तीन रिकामे क्लास लिहिले. आत काहीही नाही, नुसती नावं. आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमला बजावलं, की या तीन नावांना, तारखेला आणि पायथनच्या एक-दोन ठरावीक मदतनीस फंक्शनांना हो म्हण, बाकी काहीही मागितलं तर थांब.

तरी अडचण आलीच. मूळ प्रोग्रॅम पायथन २ चा होता. त्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे थांबला. पायथन २ मधला साधा मजकूर म्हणजे नुसते बाइट. पायथन ३ विचारतो, हे बाइट कुठल्या लिपीपद्धतीचे? जुन्या तारखा नीट याव्यात म्हणून ‘लॅटिन-१’ असं उत्तर द्यावं लागतं. तसं दिल्यावर फाइल उघडली, थकबाकीचे आकडे आले, तारखा आल्या, पण नावांच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग लागली. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. नावं यूटीएफ-८ या लिपीपद्धतीत साठवलेली होती; तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी सारखाच. लॅटिन-१ मध्ये तोच बाइट म्हणजे तो रेघवाला ‘ए’. कारण कळलं की उपायही सापडतो: प्रत्येक नाव लॅटिन-१ च्या नियमाने पुन्हा बाइटमध्ये न्यायचं आणि तेच बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. एका ओळीच्या आज्ञेने सगळी मराठी नावं जागच्या जागी आली. काकांनी पडद्यावर स्वतःच्या दिवंगत भावाचं नाव सभासद म्हणून वाचलं आणि खिशातून चष्म्याचं फडकं काढलं.

त्या दिवसापासून कुठल्याही सोसायटीचा कायमचा हिशेब मी पिकलमध्ये ठेवत नाही. एका प्रोग्रॅमने तासाभरासाठी स्वतःचंच काम बाजूला ठेवायचं असेल तर पिकल चांगलं आहे. पण सभासदांची नोंद ही प्रोग्रॅमरची नसते. तो गेल्यावरही ती उघडली पाहिजे, तीही दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या माणसाकडून.

मी जेसन वापरते. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकी प्रोग्रॅमरने ही मांडणी २००१-०२ च्या सुमारास पुढे आणली. या मांडणीचं सगळं व्याकरण एका पानावर मावतं. त्यात सहाच जाती आहेत: मजकूर, संख्या, हो-नाही, काहीच नाही, यादी, आणि नाव-किंमत जोड्यांचा गट. नोटपॅडमध्ये उघडून कुणीही वाचू शकतं. पण सहाच जाती असल्याने बाकीचं आपल्याला ठरवावं लागतं. तारीख ही जात जेसनकडे नाही, पायथनला तारीख लिहायला सांगितली तर तो सरळ नकार देतो. मी हा नकार चांगला मानते, कारण तो आपल्याला थांबून ठरवायला लावतो. तारीख मी मजकुरात, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिते. ३/४ हे तीन एप्रिल की चार मार्च, हा वाद त्यात उरत नाही. रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात ठेवत नाही. संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांकात ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. थकबाकी ३,२५० रुपये आणि व्याज वर्षाला २१ टक्के, म्हणजे महिन्याला ५६.८७५. ते कुठे गोल करायचं हे समितीने ठरवायचं, यंत्राने नव्हे. मी पैसे मोजते: ३,२५,०००, पूर्णांक.

एकाच माणसाचे दोन फ्लॅट असले की आणखी एक पेच येतो. मेमरीत दोन्ही फ्लॅट एकाच सभासदाकडे बोट दाखवतात. पिकल हे नातं जपतं. जेसनमध्ये भाबडेपणाने लिहिलं तर सभासद दोनदा उतरतो, आणि परत वाचल्यावर ती दोन वेगळी माणसं असतात. एकाचा फोन नंबर बदलला तरी दुसऱ्याचा जुनाच राहतो. सभासदाच्या नोंदीत फ्लॅट आणि फ्लॅटच्या नोंदीत पुन्हा सभासद असं एकमेकांत गुंतवलं, तर पायथन चक्र सापडल्याची तक्रार करून काम सोडतो. यावरचा मार्ग आपल्या जुन्या नोंदवहीतच आहे. सभासदाला एकदाच सविस्तर लिहायचं, क्रमांक द्यायचा, आणि फ्लॅटसमोर फक्त तो क्रमांक मांडायचा.

मराठीसाठी एक सूचना इथे द्यायलाच हवी. पायथन जेसन लिहिताना मुळात फक्त रोमन अक्षरं वापरतो. ‘ठाणे’ या शब्दाची त्यात चार सांकेतिक रूपं होतात: ०९२०, ०९३ई, ०९२३, ०९४७, प्रत्येकापुढे तिरपी रेघ आणि यू. यंत्राला ते पुरतं, पण काकांना नोटपॅडमध्ये स्वतःचं नाव वाचता येत नाही. एक सेटिंग बदललं की देवनागरी जशीच्या तशी उतरते. ते बदलायला कुणी कंटाळू नये. पीएचपीच्या साठवणीत तर मजकुराआधी त्याची बाइटमधली लांबी लिहिलेली असते, ‘ठाणे’साठी १२. हाताने शोधून-बदलून गावाचं नाव दुरुस्त केलं आणि लांबी तशीच राहिली, की ती अख्खी नोंद वाचता येत नाही. वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइटचा पत्ता असा घाईने बदलला की तिची कितीतरी सेटिंग गायब होतात, ती यामुळेच.

सध्या माझ्याकडे काकांच्याच सोसायटीचं काम आहे. इमारत रीडेव्हलपमेंटला चालली आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या निर्देशांप्रमाणे सभा, संमती, याद्या असं सगळं सुरू आहे. जुन्या फाइलमध्ये प्रत्येक फ्लॅटपुढे ‘एरिया’ असा एक आकडा आहे, बस. कुठे ४५७, कुठे ४२.५. चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने गुणायचं असतं, म्हणजे हे दोन्ही आकडे एकाच मापाच्या घराचे असू शकतात, किंवा नसूही शकतात. एक बिल्ट-अप असेल, दुसरा कार्पेट. संख्या जशीच्या तशी जपली गेली, पण तिचं माप कुणी लिहिलंच नव्हतं, आणि नव्या घराचं क्षेत्रफळ ज्यावर ठरणार ते तर हेच. नव्या फाइलमध्ये मी त्या जागी ‘कार्पेट_चौमी’ असं नाव दिलं आहे आणि शेजारी ‘कुठल्या कागदावरून’ असा एक रकाना ठेवला आहे. काका रोज संध्याकाळी दोन-तीन घरांचे मूळ करारनामे घेऊन येतात, आणि आम्ही एकेक आकडा कागदाशी ताडून भरतो आहोत.